माल हलतो, दरी हलत नाही

मागच्या अंकात ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या ब्रेनर खिंडीतल्या ट्रकांवर लिहिलं होतं. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांताने महामार्गाच्या एका टप्प्यावर काही ठरावीक मालाच्या ट्रकांना बंदी घातली आणि युरोपियन युनियनच्या न्यायालयाने ती दोनदा बेकायदा ठरवली, एवढं सांगून मी थांबले होते. त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी सतरा वर्षं टिरोलच्या राजधानीत, इन्सब्रुकमध्ये, एका मालवाहतूक कंपनीत डिस्पॅचला होते. कुठला ट्रक कुठून किती वाजता सुटणार, कागद पुरे आहेत का, चालकाचे गाडी चालवायचे तास संपत तर नाहीत ना, हे बघायचं काम. तेव्हा मी जे सांगते ते टेबलाच्या त्या बाजूने पाहिलेलं आहे, हे लक्षात घेऊन वाचा.

प्रश्न : युरोपियन युनियन मुळात व्यापारासाठी एकत्र आलेला गट. नदी, हवा, पक्षी यांत त्याने लक्ष घालावं, हा अधिकार त्याला दिला कोणी?

सुरुवातीला कोणीच दिला नव्हता. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी १९५७ मध्ये रोम करार केला, त्यात ‘पर्यावरण’ हा शब्दच सापडत नाही. जकात काढायची, मालाची वाट मोकळी करायची, हा हेतू.

पण माल मोकळा सोडला की नियमांचा प्रश्न दारात येऊन उभा राहतोच. १९६७ मध्ये घातक रसायनांच्या वर्गीकरणाचा आणि लेबलांचा एक सामाईक कायदा झाला. आज आपण त्याला पर्यावरणाचा पहिला कायदा म्हणतो, पण करणाऱ्यांच्या मनात होतं ते रसायनाचं पिंप. एका देशात पिंपावर एक खूण, शेजारी दुसरी, म्हणजे पिंप सीमेवर अडकलं. माणसाच्या कातडीची काळजीही त्यात होती, नाही असं नाही, पण कायद्याचा पाया व्यापाराचाच होता.

पुढे १९७२ मध्ये पॅरिसच्या शिखर बैठकीत नेत्यांनी पर्यावरणाचा कार्यक्रम मागितला आणि १९७३ मध्ये तो आला. १९७९ मध्ये रानपक्ष्यांच्या संरक्षणाचा निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम, झाला. तोही करारातल्या एका सर्वसाधारण कलमाचा आधार घेऊन, सगळ्या सदस्यांची एकमताने संमती मिळवून. पर्यावरणाला करारात स्वतःचं कलम मिळालं ते १९८७ मध्ये, रोम करारात दुरुस्ती करणारा ‘सिंगल युरोपियन ॲक्ट’ लागू झाला तेव्हा. मध्ये तीस वर्षं गेली.

या तीस वर्षांचा परिणाम आजही दिसतो, म्हणून एक फरक इथेच सांगून ठेवते. पुढची सगळी उत्तरं त्याच्यावर उभी आहेत. काही नियम वस्तूंचे असतात: गाडीच्या धुराड्यातून किती धूर निघावा, रंगात कुठलं रसायन नसावं. हे सगळीकडे सारखे नसले तर वस्तू विकता येत नाही, म्हणून बाजाराला सामाईक नियम हवाच असतो. काही नियम जागेचे असतात: या नदीत किती सांडपाणी, या दरीत किती वायू. माल हलतो, दरी हलत नाही. बाजाराच्या कायद्याला हलणाऱ्या गोष्टी चटकन दिसतात. जागच्या जागी असलेल्या गोष्टीला मात्र आपलं म्हणणं मांडायला कोणीतरी माणूस लागतो.

प्रश्न : टिरोलची ट्रकबंदी न्यायालयाने दोनदा मोडून काढली. मग हे न्यायालय पर्यावरणाच्या विरोधातलं नाही तर काय?

या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं द्यावंसं मला कित्येक वर्षं वाटत होतं. आता वाटत नाही. पण ते समजण्यासाठी आधी ती जागा डोळ्यांपुढे यायला हवी.

ब्रेनर ही आल्प्समधली सर्वांत सखल वाटांपैकी एक. माथा साधारण १३७० मीटरवर. जर्मनीहून इटलीला जायचं तर ए-१२ महामार्गाने इन नदीच्या दरीतून इन्सब्रुकपर्यंत यायचं आणि तिथून ए-१३ ने खिंड चढायची. वर्षाला वीस लाखांहून जास्त ट्रक एकट्या ब्रेनरवरून जातात. दोन्ही बाजूंना डोंगराच्या भिंती. हिवाळ्यात थंड हवा तळाशी बसते, वर ऊबदार हवेचं झाकण, आणि धूर जाणार कुठे? फॉम्प नावाच्या गावाजवळ महामार्गाच्या विश्रांतिस्थळी हवा मोजण्याचं केंद्र आहे. लहानशी खोली, वर हवा खेचणाऱ्या नळ्या. तिथला नायट्रोजन डायऑक्साइडचा आकडा कित्येक वर्षं युरोपने स्वतःच ठरवलेल्या मर्यादेच्या वर होता. ती मर्यादा वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम.

माझं घर महामार्गापासून चालत दहा मिनिटांवर होतं. खिडकीच्या बाहेरची पट्टी मी दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसायची. फडक्यावर उमटायचं ते धुळीचं पिवळं नाही, काळं, किंचित तेलकट. गरम पाण्यात साबण घालून चोळलं तरी कडा राखाडी राहायच्या. आणि सोमवारी सकाळी सातला मी कचेरीत बसून त्याच रस्त्यावर ट्रक सोडायची. हे दोन्ही मीच करत होते.

ऑस्ट्रिया १९९५ मध्ये युनियनमध्ये आला तो एक सवलत घेऊन. तिला आम्ही ‘इकोपॉइंट’ म्हणायचो. ट्रकचं इंजिन किती नायट्रोजन ऑक्साइड सोडतं त्यावरून प्रत्येक फेरीला गुण मोजायचे. दहा ग्रॅमवाला ट्रक दहा गुण खाणार, सहावाला सहा. देशाला वर्षाचे गुण ठरवून दिलेले, ते संपले की वाट बंद. मी रुजू झाले तेव्हा कागदी शिक्के जाऊन काचेला चिकटवायची छोटी पेटी येत होती. सीमा ओलांडताना तीच गुण कापायची. ही पद्धत मला मनापासून आवडायची, कारण स्वच्छ इंजिन घेणाऱ्याला तिचा सरळ फायदा होता. जुना ट्रक इटलीला पाठवायचा म्हटलं की साहेब आधी गुण विचारायचे. पण ती मुदतीची होती. २००३ अखेर मूळ मुदत संपली, थोडी वाढवाढव झाली आणि विषय मिटला.

म्हणून २००३ मध्ये टिरोलने स्वतःचा उपाय काढला. साडेसात टनांवरचे ट्रक आणि त्यात कचरा, धान्य, लाकूड, खनिज, दगड, माती, गाड्या, बांधकामाचं पोलाद असा माल असेल, तर ए-१२ च्या ४६ किलोमीटरच्या टप्प्यावर यायचं नाही. हा माल नासणारा नाही, तो रेल्वेने जाऊ दे, असा विचार. विचार चांगला होता. पण ज्या ट्रकांचा माल त्याच भागात चढणार किंवा उतरणार, त्यांना सूट होती. म्हणजे बंदीचा भार जवळपास सगळा परक्या ट्रकांवर. युरोपीय आयोग, म्हणजे युनियनचं कार्यकारी मंडळ, न्यायालयात गेला. जर्मनी, इटली आणि नेदरलँड्स आयोगाच्या बाजूने उभे राहिले. बंदी १ ऑगस्टला सुरू व्हायची होती, न्यायालयाने त्याआधीच तिला तात्पुरती स्थगिती दिली. आमच्या कचेरीत त्या दिवशी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही. खोटं कशाला सांगू? तीन कायमचे ग्राहक लाकडाचे होते.

१५ नोव्हेंबर २००५ ला निकाल आला, तो मी नंतर शांतपणे वाचला. न्यायालयाने कुठेही म्हटलेलं नाही की दरीतल्या माणसांपेक्षा माल मोठा. त्याने विचारलं ते एवढंच: एवढी कठोर बंदी घालण्याआधी सौम्य उपाय तपासलेत का? रेल्वेत तेवढी जागा खरंच आहे का, हे पाहिलंत का? वाहतूकदारांना तयारीला जेमतेम दोन महिने दिलेत, ते पुरे होते का? टिरोलकडे या प्रश्नांची भक्कम उत्तरं नव्हती. दुसऱ्यांदा बंदी आली, तीही २१ डिसेंबर २०११ ला पडली. या वेळचा मुद्दा वेगाचा होता. सगळ्या गाड्यांना कायमची ताशी १०० किलोमीटरची मर्यादा घालून का पाहिली नाही, असं न्यायालयाने विचारलं. मग २०१४ मध्ये टिरोलने ती मर्यादा घातली. स्वतःच्या मतदारांच्या गाड्यांना लगाम घालणं परक्या ट्रकांना थांबवण्यापेक्षा कठीण असतं, म्हणूनच ते आधी झालं नव्हतं. २०१६ मध्ये ट्रकबंदी तिसऱ्यांदा आली, ती टिकून राहिली आणि २०२४ मध्ये इटलीने त्यावरून ऑस्ट्रियालाच न्यायालयात खेचलं.

तेव्हा न्यायालय पर्यावरणविरोधी होतं असं मी म्हणणार नाही. ‘आधी स्वतःचं अंगण झाडलंत का’ हा त्याचा प्रश्न रास्त होता. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. २००३ ते २०१६, तेरा वर्षं. पहिल्या बंदीच्या वर्षी फॉम्पच्या आसपास जन्मलेलं मूल तोवर सातवीत गेलं होतं. कायद्याने मालाला स्थगिती लगेच मिळवून दिली, काही आठवड्यांत. हवेला अशी घाईची स्थगिती कोणीच मिळवून दिली नाही.

प्रश्न : लोकांनी महामार्गच अडवला होता असंही ऐकलं. त्यांच्यावर कारवाई झाली का?

१२ जून १९९८, शुक्रवार. मला नोकरीत लागून दोनच आठवडे झाले होते. पर्यावरणवादी संघटनेने रीतसर आधी कळवून ब्रेनरचा महामार्ग जवळजवळ ३० तास अडवून धरला. आदल्या दिवशी सणाची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार, आणि सुट्टीच्या दिवशी ऑस्ट्रियात जड ट्रकांना बहुतेक महामार्गांवर बंदीच असते. म्हणजे खरं पाहता चार दिवस वाट बंद. आमचे सात ट्रक खिंडीच्या पलीकडे. फोन खाली ठेवला की पुन्हा वाजायचा. एक चालक मात्र मला म्हणाला, ‘बाई, रस्त्यावर म्हाताऱ्या बायका खुर्च्या टाकून बसल्यात. त्यांना मी काय बोलू?’

आंदोलकांवर काही झालं नाही. एका जर्मन वाहतूक कंपनीने ऑस्ट्रिया सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावला: तुम्ही हे होऊ दिलंत, मालाच्या मुक्त वाटेचा भंग झाला. निकाल लागला १२ जून २००३ ला, बरोबर पाच वर्षांनी त्याच तारखेला. न्यायालय म्हणालं, भंग झाला खरा, पण लोकांना बोलण्याचं आणि जमण्याचं स्वातंत्र्य आहे, सरकारने ते राखलं यात चूक नाही. नीट पाहा: जिंकलं ते अभिव्यक्तिस्वातंत्र्य. हवा जिंकली असं त्या निकालात कुठे लिहिलेलं नाही. खुर्च्या टाकून बसलेली माणसं होती म्हणून दरीची बाजू न्यायालयापर्यंत पोचली.

प्रश्न : मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. एखाद्या सदस्य देशाला इतरांपेक्षा कडक नियम ठेवायचा असेल, तर बाजार त्याला तसं करू देतो का?

देतो, पण कारण द्यावं लागतं आणि ते तपासलं जातं. तुला दोन खटले सांगते, दोन्ही डेन्मार्कचे आणि दोन्ही शिकण्यासारखे.

पहिला बाटल्यांचा. १९८१ मध्ये डेन्मार्कने ठरवलं, की बिअर आणि शीतपेयं परत भरता येतील अशा, सरकारने मंजूर केलेल्या बाटल्यांतच विकायची. बाटलीवर अनामत, रिकामी बाटली कुठल्याही दुकानात परत. परदेशी कंपन्यांची अडचण स्पष्ट होती. डेन्मार्कपुरती वेगळी बाटली करायची आणि रिकाम्या बाटल्या परत मायदेशी न्यायच्या. १९८४ मध्ये थोडी ढील मिळाली. मंजूर नसलेल्या बाटल्या चालतील, पण एका उत्पादकाला वर्षाला ३००० हेक्टोलिटरपर्यंतच, म्हणजे तीन लाख लिटर. आयोग न्यायालयात गेला. २० सप्टेंबर १९८८ चा निकाल असा: अनामत आणि परतीची सक्ती योग्य, कारण तिच्याशिवाय बाटल्या परत येणारच नाहीत. ३००० हेक्टोलिटरची अट मात्र जास्तीची. दुसऱ्या बाटल्याही अनामतीवर परत घेता येतात. सगळ्या दुकानांतून नसतील येत, पण येतात.

या निकालाचं मोल बाटल्यांपेक्षा मोठं आहे. रोम करारात मालाची वाट अडवण्याची जी कारणं मान्य केली होती, त्यात नीतिमत्ता आहे, सुरक्षा आहे, माणसांचं, प्राण्यांचं, झाडांचं आरोग्य आणि जीवित आहे, राष्ट्रीय ठेवा आहे. पर्यावरण नाही. १९८८ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं, की यादीत नसलं तरी पर्यावरण हे कारण चालेल. करार न बदलता, निकालातून.

दुसरा खटला मधमाश्यांचा, आणि तो माझा फार लाडका. कॅटेगॅट समुद्रात लेसो नावाचं डॅनिश बेट आहे. तिथे तपकिरी मधमाशीचा जुना वाण टिकून आहे. १९९३ मध्ये सरकारने नियम केला, की बेटावर आणि आसपास हाच वाण पाळायचा, दुसऱ्या माश्या आणायच्या नाहीत. बेटावरच्या एकाने सोनेरी माश्या ठेवल्या. त्याच्यावर खटला भरला, तर त्याने बचाव केला युरोपीय बाजाराचा: मधमाशी हा माल आहे, माझा माल अडवता कसा? प्रकरण थेट लक्झेंबर्गमधल्या त्याच युरोपीय न्यायालयात. ३ डिसेंबर १९९८ ला न्यायालय म्हणालं, हो, माशी माल आहे आणि हो, तिची वाट अडवली गेली. पण दुसऱ्या माश्यांबरोबर संकर होऊन एक वाण नाहीसा होणार असेल, तर तो राखणं म्हणजे प्राण्यांचं जीवित राखणं, आणि ते कारण करारात १९५७ पासून आहेच. एका बेटावरच्या माशीला, एकही अक्षर न बदलता, जुन्या करारात जागा मिळाली.

आता तुझ्या प्रश्नाचं कोरडं उत्तर. नियम जागेचा असेल, म्हणजे नदी, हवा, कचऱ्याची विल्हेवाट, तर युनियनचा नियम ही किमान पातळी. त्याहून कडक होण्याची मुभा करारातच आहे, आज कलम १९३. नियम वस्तूचा असेल आणि युनियनने तो सगळ्यांसाठी एकसारखा केलेला असेल, तर नंतर नवा वेगळा नियम करायला नवा शास्त्रीय पुरावा आणि त्या देशापुरती खास अडचण दाखवून आयोगाची परवानगी मिळवावी लागते, कलम ११४. ही वाट अरुंद आहे. परीक्षेत हा फरक नीट लिहिलास तर निम्मं काम झालं.

प्रश्न : पण मग ढिल्या नियमांच्या देशात कारखाने पळत नाहीत का?

युनियनच्या आत पळायला फारशी जागा ठेवलेली नाही, किमान पातळी सगळ्यांना सारखी असते ती याचसाठी. मोठ्या कारखान्यांना उपलब्ध असलेल्या उत्तम तंत्रानुसार परवाना घ्यावा लागतो, तो कुठल्याही सदस्य देशात. २००५ पासून कार्बनच्या परवान्यांचाही सामाईक बाजार आहे. नियम कागदावर सारखे आणि तपासणी मात्र कुठे कडक, कुठे ढिली, हे दुखणं आहे, ते मी नाकारत नाही.

युनियनच्या बाहेर पळणाऱ्यांसाठी सीमेवरची कार्बन आकारणी आली आहे, म्हणजे बाहेरून येणारा माल बनवताना निघालेल्या कार्बनची किंमत. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून खरी आकारणी. सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजन. तिच्यावर वेगळं लिहायला हवं, इथे घाईत उरकणं बरं नाही.

प्रश्न : दंड होतात असं वाचतो. सरकारं दंड भरून मोकळी होत असतील. सामान्य माणसाच्या हातात काय आहे?

तक्रार. आणि ती ऐकली तर काय होऊ शकतं, हे क्रीटमधल्या एका घळीने दाखवलं.

ग्रीसच्या क्रीट बेटावर हानिया भागात कुरूपितोस नावाची लहान नदी आहे. तिच्या मुखाशी असलेल्या घळीत, समुद्रापासून साधारण २०० मीटरवर, वर्षानुवर्षं कचरा ओतला जायचा. घरांचा तर होताच, शिवाय रुग्णालयांचा, कत्तलखान्यांचा, कोंबड्यांच्या फार्मांचा, लष्करी तळांचाही. १९८७ मध्ये आयोगाकडे तक्रार पोचली. १९९२ मध्ये न्यायालयाने ग्रीसला दोषी ठरवलं. पुढे? काही नाही. कचरा पडतच राहिला. त्या काळी न्यायालयाला ‘तुम्ही चुकलात’ एवढंच म्हणता यायचं.

१९९३ मध्ये युनियनचा नवा मास्ट्रिख्ट करार लागू झाला आणि त्यात नवा दात आला: निकाल न पाळणाऱ्या देशाला पैशाचा दंड. तो पहिल्यांदा वापरला गेला तो याच घळीसाठी. ४ जुलै २००० चा निकाल: निकाल पाळेपर्यंत रोज २०,००० युरो. रोज, हा शब्द महत्त्वाचा. एकरकमी दंड सरकार अर्थसंकल्पात दडवून टाकतं. रोजचा दंड म्हणजे दर सकाळी कोणातरी मंत्र्याला विचारायचं, आज तरी बंद झालं का? काही महिने ग्रीसने पैसे भरले आणि २००१ मध्ये ती घळ बंद झाली.

त्यानंतर हा दात जोरात लागू लागला. २००५ मध्ये फ्रान्सला २ कोटी युरो एकरकमी, आणि सुधारणा होईपर्यंत दर सहा महिन्यांना पावणेसहा कोटींहून जास्त. कारण? बंदरांवर ठरलेल्या मापापेक्षा लहान मासे उतरवले जात होते आणि तपासणी होत नव्हती. २०१७ मध्ये पोलंडला बियावोव्हिएजाच्या प्राचीन जंगलात तोड चालू ठेवली तर रोज किमान १ लाख युरो, अशी ताकीद मिळाली आणि तोड थांबली. २०२१ मध्ये झेक सीमेलगतच्या तुरूव कोळसा खाणीवरून त्याच पोलंडला रोज ५ लाख. ते त्याने भरलेच नाहीत, तेव्हा आयोगाने युनियनकडून पोलंडला मिळायच्या निधीतून ते वळते करून घेतले. म्हणजे भरून मोकळं होणं सोपं नाही, न भरून मोकळं होणं तर नाहीच.

आता तुमच्या हातातलं. युरोपात कोणीही आयोगाकडे तक्रार करू शकतो, की अमुक सरकार युनियनचा अमुक नियम पाळत नाही. वकील लागत नाही, फी लागत नाही, स्वतःचं नुकसान झाल्याचं सिद्ध करावं लागत नाही. पण तक्रार घ्यायची की नाही, पुढे न्यायची की नाही, हे सर्वस्वी आयोग ठरवतो, आणि तक्रारदार खटल्यात पक्षकार नसतो. मी स्वतः २००९ मध्ये घराजवळच्या एका ओढ्याबद्दल अशी तक्रार पाठवली होती. वरच्या अंगाला एक धुलाई केंद्र होतं, तिथलं फेसाळ पाणी थेट ओढ्यात यायचं. मी सहा फोटो, तारखा, वेळ, पाण्याचा रंग सगळं जोडलं. पोच आली. मग चौदा महिन्यांनी पत्र आलं, की आधी स्थानिक पातळीवर दाद मागा. वाईट वाटलं. पण तो कागद घेऊन मी स्थानिक कार्यालयात गेले आणि तिथल्या माणसाने पहिल्यांदाच खुर्चीवरून उठून नकाशा काढला. महिनाभरात केंद्राच्या आवारात खड्डा खणलेला दिसला, गाळणीचा हौद बसवायला. पत्राचा परिणाम की योगायोग, मी छातीठोक सांगू शकणार नाही.

ज्यांना तक्रार करायची असेल त्यांना एकच सांगते. रागाने चार पानं लिहू नका. एक जागा, एक नियम, तारखांची वही. क्रीटच्या तक्रारीला तेरा वर्षांनी दंड झाला तो तिथे काय पडतंय, किती पडतंय, समुद्र किती लांब आहे, हे सगळं नोंदलेलं होतं म्हणून.

प्रश्न : ब्रेनरखालून रेल्वेचा बोगदा होतो आहे. तो झाला की तुमच्या दरीचा प्रश्न सुटेल ना?

मलाही तसं वाटावंसं वाटतं. ५५ किलोमीटरचा बोगदा, २०३२ च्या सुमाराला सुरू व्हायचा आहे. पण नुसत्या बोगद्याने ट्रक रस्त्यावरून उतरत नाहीत. मी सतरा वर्षं तेच गणित केलं आहे. ग्राहकाला भाव सांगताना मी रस्त्याचा खर्च आणि रेल्वेचा खर्च शेजारी मांडायची, आणि जवळपास दर वेळी रस्ता स्वस्त पडायचा. कित्येक ट्रक तर स्वित्झर्लंड टाळून, वाकडी वाट करून ब्रेनरला यायचे, कारण इथे टोल आणि डिझेल दोन्ही कमी.

स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. तिथल्या लोकांनी १९९४ मध्ये मतदान करून आल्प्सच्या रक्षणाचं कलम राज्यघटनेत घातलं. २००१ पासून जड ट्रकांना वजन, अंतर आणि इंजिनाच्या धुरानुसार दर किलोमीटरला आकारणी लावली आणि तो पैसा मोठ्या प्रमाणात रेल्वे बोगद्यांत घातला. त्या बदल्यात युनियनला काहीतरी द्यावंच लागलं: २८ टनांची जुनी वजनमर्यादा सोडून ४० टनांचे ट्रक आत घेतले. आज आल्प्स ओलांडणारा त्यांचा बहुतेक माल रेल्वेने जातो, आणि सगळ्या स्विस खिंडी मिळून वर्षाला दहा लाखांहून कमी ट्रक जातात. एकट्या ब्रेनरचा आकडा वर दिलाच आहे.

म्हणून बोगद्याइतकीच मी टोलच्या दराची वाट बघते आहे. म्युनिकपासून व्हेरोनापर्यंत सगळ्या टप्प्यांवर एकसारखा, हवेचा हिशोब धरलेला टोल. त्यासाठी जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटली एका टेबलाशी बसायला हवेत. २०१७ पासून टिरोल काही ठरावीक दिवशी सीमेवर ट्रक मोजून आत सोडतो, तासाला तीनशेच्या आसपास. पलीकडे जर्मनीच्या बव्हेरियात रांगा लागतात आणि तिथली गावं चिडतात. तो धूर नाहीसा झालेला नाही, काही किलोमीटर उत्तरेला उभा आहे.

माझी जुनी शेजारीण अजून त्याच घरात राहते. मागच्या हिवाळ्यात फोनवर तिला विचारलं, खिडकीची पट्टी कशी आहे? म्हणाली, पूर्वीपेक्षा बरी, नव्या इंजिनांचा फरक पडलाय. पण फडकं मी अजून वेगळंच धुते.